नेमणूकपत्र नसलेल्या भगिनीलाही कायद्याचे संरक्षण

दसरा-दिवाळी आटोपली की अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागातून, म्हणजे पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून, ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. काही आपल्याच जिल्ह्यातील राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या ऊसपट्ट्यात उतरतात, तर काही पश्चिम महाराष्ट्रात व थेट कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हा जुना हिशेब आहे. उचल नवऱ्याच्या हाती पडते, कागदावर अंगठा किंवा सही त्याची असते. बायको पहाटे अंधारात फडात उतरते, ऊस साळते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहून गाडी भरते. मात्र तिच्या नावाचा कागद कोठेही नसतो.

अशा भगिनीशी मुकादमाने, गाडीवानाने किंवा बागायतदाराने अश्लील वर्तन केले, तर “कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळा”विरुद्धचा कायदा तिला लागू होतो काय? हा प्रश्न आम्ही अनेकांना विचारून पाहिला. बहुतेकांचे उत्तर एकच होते: “तो कायदा ऑफिसात नोकरी करणाऱ्या बायकांसाठी आहे.” हे उत्तर चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत फार मोठी आहे. हा कायदा नेमणूकपत्र विचारत नाही. मात्र त्याला मुदत आहे आणि ती मुदत अवघी तीन महिन्यांची आहे. या दोन गोष्टी आपल्या प्रत्येक वाचकाला नीट समजाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कायद्याच्या मुळाशी एक खेडूत स्त्री

हा कायदा कार्यालयातील स्त्रियांपुरता आहे हा समज किती उलटा आहे, हे त्याच्या जन्मकथेवरूनच दिसून येते. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून अल्प मानधनावर काम करीत. त्यांना कचेरी नव्हती, खुर्ची नव्हती. गाव हेच त्यांचे कार्यक्षेत्र होते. शासनाने सोपविलेल्या कामाचा भाग म्हणून त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले.

त्यांच्यावर ओढवलेला प्रसंग काम केल्यामुळेच ओढवला होता, आणि काम करणाऱ्या स्त्रीचे रक्षण करण्याची कोणतीही व्यवस्था तेव्हा देशात नव्हती. हे लक्षात घेऊन ‘विशाखा’ व अन्य महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर व न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने ऐतिहासिक निकाल दिला. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हा समानतेच्या, व्यवसाय करण्याच्या आणि सन्मानाने जगण्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. संसदेचा कायदा होईपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वेही त्याने घालून दिली.

ही तत्त्वे अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. पुण्यातील स्त्री-अभ्यासक व कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांनी याविषयी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल झाले, आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने अंमलबजावणीविषयी पुन्हा कडक आदेश दिले. पुढच्याच वर्षी संसदेने ‘महिलांचे कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३’ संमत केला. ९ डिसेंबर २०१३ पासून तो अमलात आहे. एका खेड्यात मानधनावर राबणाऱ्या स्त्रीच्या दुःखातून हा कायदा उभा राहिला, हे आपण विसरता कामा नये.

लैंगिक छळ कशास म्हणावे?

कायद्याने पाच प्रकार सांगितले आहेत. नकोसा शारीरिक स्पर्श किंवा लगट. शरीरसुखाची मागणी किंवा विनंती. लैंगिक अर्थाचे शेरे मारणे. अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखविणे. आणि शब्दांनी, शब्दांविना किंवा देहाने केलेले लैंगिक स्वरूपाचे अन्य कोणतेही नकोसे वर्तन. यांतील ‘नकोसे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. “मी तर थट्टेत बोललो” हा बचाव येथे पुरेसा ठरत नाही, कारण ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे होते किंवा नाही यावर सारे अवलंबून आहे.

यापुढे जाऊन कायदा सत्तेच्या गैरवापराकडेही बोट दाखवितो. अशा वर्तनाला जोडून कामात झुकते माप देण्याचे आमिष दाखविणे, नुकसान करण्याची किंवा कामावरून काढण्याची धमकी देणे, कामात अडथळे आणणे, दहशतीचे वातावरण निर्माण करणे, आरोग्यास वा सुरक्षिततेस बाधा येईल अशी अपमानास्पद वागणूक देणे, हे सारे लैंगिक छळात मोडू शकते. “हलका फड देतो, पण…” हे वाक्य उघड उच्चारले काय किंवा नुसते सुचविले काय, कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही.

कर्मचारी कोण, आणि कामाचे ठिकाण कोणते?

या अधिनियमाचे खरे बळ त्याच्या व्याख्यांत आहे. ‘कर्मचारी’ या शब्दात कायम, हंगामी, तात्पुरत्या, रोजंदारीवरील आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या अशा सर्व व्यक्तींचा समावेश होतो. मुख्य मालकाला त्यांची माहिती असो वा नसो, त्यांना मोबदला मिळत असो वा त्या स्वेच्छेने काम करीत असोत, नोकरीच्या अटी लेखी असोत वा नसोत, त्या कर्मचारीच ठरतात. शिकाऊ उमेदवारही यात येतात. तक्रार करणारी स्त्री कोणत्याही वयाची असू शकते. इतकेच नव्हे, तर ती तेथे नोकरीस असलीच पाहिजे असेही नाही. कामाच्या ठिकाणी छळ झाला, एवढे पुरेसे आहे. रुग्णालयात आलेली रुग्ण स्त्री किंवा कचेरीत दाखला घेण्यास आलेली विधवा भगिनीदेखील तक्रार करू शकते.

‘कामाचे ठिकाण’ या शब्दाचा अर्थही असाच व्यापक आहे. सरकारी व खाजगी आस्थापना, सहकारी संस्था, न्यास, रुग्णालये, शुश्रूषागृहे, असंघटित क्षेत्र, राहते घर, कामानिमित्त जावे लागणारे कोणतेही ठिकाण आणि मालकाने पुरविलेले वाहन, हे सारे त्यात मोडते.

आता हे आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. उसाचा फड हे कामाचे ठिकाण आहे. मजुरांना ने-आण करणारा मालकाचा ट्रॅक्टर हेही कामाचे ठिकाण आहे. नागापूर किंवा सुपे येथील औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत काम करणारी तरुणी, शिर्डीतील लॉजमध्ये खोल्या झाडणारी स्त्री, दूध संकलन केंद्रावरील मुलगी, कापडदुकानातील विक्रेती, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, मानधनावरील अंगणवाडी सेविका व आशा ताई, या सर्व जणी या कायद्याच्या छत्राखाली आहेत. पगार की मानधन, हा भेद येथे उरत नाही.

ऊसतोडणीच्या बाबतीत एक जुना वाद आहे. कारखाना म्हणतो, ही माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, काम कारखान्याचे. मजुरीच्या प्रश्नात या वादाने कामगारांची फार हेळसांड झाली आहे. छळाच्या तक्रारीत मात्र या वादामुळे स्त्रीने अडून राहण्याचे कारण नाही. कामाची व्यवस्था, देखरेख व नियंत्रण ज्याच्या हाती आहे, तोही कायद्याच्या भाषेत ‘मालक’ ठरतो.

तक्रार कोणाकडे करावी?

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ‘अंतर्गत समिती’ असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी त्या संस्थेतील वरिष्ठ स्त्री असावी लागते. कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य आणि बाहेरील सामाजिक संस्थेतून एक सदस्य घ्यावा लागतो. एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी स्त्रिया असून चालत नाही.

परंतु जेथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे काय करावे? अशा स्त्रियांसाठी प्रत्येक जिल्ह्यात ‘स्थानिक समिती’ स्थापन करण्याची तरतूद आहे. ही समिती शासनाने अधिसूचित केलेला ‘जिल्हा अधिकारी’ नेमतो. जिल्हाधिकारी वा उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी या पदी असतो. समितीची अध्यक्ष सामाजिक कार्यातील नामवंत स्त्री असते. नामनिर्देशित सदस्यांत एक तरी कायद्याची जाणकार असावी, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्य समाजातील एक स्त्री असावी, असे कायदा सांगतो. घरकामगार, मजूर व छोट्या दुकानांतील स्त्रिया यांनी याच समितीकडे दाद मागावयाची आहे. मुकादमच मालक असेल, तर त्याच्याविरुद्धची तक्रारही येथेच येते.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा. त्यात चौदा तालुके आहेत. अकोल्याहून नगर शहर गाठावयाचे तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास घडतो. रोजंदारी बुडवून एवढे अंतर कोण जाणार? याचाही विचार कायद्याने केला आहे. प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमला जावा, त्याने तक्रार स्वीकारावी आणि सात दिवसांत ती स्थानिक समितीकडे पाठवावी, अशी तरतूद आहे. तहसील कार्यालयात जाऊन “या कायद्याखालील समन्वय अधिकारी कोण?” असे विचारणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. ज्यांना इंटरनेट वापरता येते त्यांच्यासाठी केंद्र शासनाचे ‘शी-बॉक्स’ हे संकेतस्थळ आहे. त्यावर संघटित व असंघटित अशा दोन्ही क्षेत्रांतील स्त्रिया तक्रार नोंदवू शकतात.

तीन महिन्यांची मुदत आणि साखरेचा हंगाम

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. छळ वारंवार झाला असेल, तर शेवटच्या घटनेपासून हे तीन महिने मोजले जातात. स्त्रीला वेळेत तक्रार करणे शक्य नव्हते अशी समितीची खात्री पटली, तर कारणे लेखी नमूद करून ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे मात्र दार बंद होते.

ही मुदत ऊसतोडणीच्या हंगामाशी ताडून पाहिली, म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. समजा, एखाद्या भगिनीवर नोव्हेंबरच्या मध्यास प्रसंग ओढवला. कोपीतील वडीलधारी बाई तिला सांगते, “आत्ता तोंड उघडू नकोस. उचल फिटायची आहे. पट्टा पडला की गावी जाऊ, मग बघू.” हा सल्ला मायेचा आहे, भीतीपोटीही आहे. पण पट्टा पडतो मार्चमध्ये किंवा एप्रिलमध्ये, आणि तिची तीन महिन्यांची मुदत फेब्रुवारीच्या मध्यासच संपलेली असते. वाढीव मुदत मिळालीच, तर मेच्या मध्यापर्यंत. गावी पोहोचून, घर शाकारून, सासरच्या माणसांशी बोलून तक्रार करू म्हणेपर्यंत तीही निघून जाते.

मुदतीच्या बाबतीत न्यायालये किती काटेकोर असतात, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. पश्चिम बंगालमधील एका विधी विद्यापीठातील प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली होती. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधील आणि तक्रार डिसेंबर २०२३ मधील, म्हणून ती मुदतबाह्य ठरली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले, परंतु या प्रकरणाचा उल्लेख संबंधित कुलगुरूंच्या परिचयपत्रात राहावा असा आदेश दिला. विधी विद्यापीठात शिकविणाऱ्या स्त्रीची जर ही गत, तर फडात राबणाऱ्या निरक्षर भगिनीची काय होईल?

म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे: “हंगाम संपल्यावर बघू” असे म्हणू नये. प्रथम तक्रार कागदावर उतरवावी. ज्या जिल्ह्यात काम चालू आहे, त्या जिल्ह्याच्या समितीकडे ती द्यावी. तारीख, ठिकाण, घडलेला प्रकार, साक्षीदारांची नावे, मुकादमाचे नाव, गाडीचा क्रमांक, कारखान्याचे नाव, फड कोणाच्या शेतातील, एवढा तपशील पुरेसा आहे. कागदपत्रांसह तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. एक प्रत व पोच आपल्यापाशी ठेवावी. नाव कोठेही नोंदलेले नसले, तरी ती त्या टोळीत काम करीत होती हे सोबतच्या बायकांच्या साक्षीने सिद्ध होऊ शकते.

लिहिता येत नसेल, तर तक्रार लेखी उतरविण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. प्रकृतीमुळे तक्रार करता येत नसेल, तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारी ती करू शकतात. अन्य कारणाने ती स्वतः पुढे येऊ शकत नसेल, तर तिच्या लेखी संमतीने, घटनेची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती तक्रार दाखल करू शकते. शिक्षक, धर्मभगिनी, ग्रामसेविका, बचतगटातील मैत्रीण, यांपैकी कोणीही तिच्या वतीने लेखणी हाती घेऊ शकते.

चौकशी कशी चालते?

तक्रार आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत संबंधित इसमास पाठविली जाते, आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. साक्षीदारांना बोलाविणे, कागदपत्रे मागविणे यांसाठी समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, त्यामुळे पैशाच्या बळावर वकील उभा करून स्त्रीला नामोहरम करण्याचा मार्ग येथे बंद आहे. नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण व्हावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यावा आणि साठ दिवसांत त्यावर कृती व्हावी, असे कालबंधन आहे.

चौकशी चालू असताना तिच्या विनंतीवरून तिची किंवा त्या इसमाची बदली करण्याची, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. आरोप सिद्ध झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होते आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. ती वेतनातून कापता येते. तशी ती मिळाली नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. महसुली वसुलीचा अर्थ आपल्याकडील शेतकऱ्यांना व मुकादमांना वेगळा सांगावयास नको.

खेड्यात अशा प्रकरणांत चार माणसे बसतात आणि “मिटवून टाका” म्हणतात. उचलीतील काही रक्कम माफ केली जाते आणि विषय संपतो. कायद्यातही समेटाला जागा आहे, पण तो केवळ त्या स्त्रीने स्वतः मागितला तरच होतो, आणि पैशाची देवघेव हा त्याचा आधार असू शकत नाही. तिच्या अब्रूचा उचलीच्या हिशेबात भाव करणारी बैठक म्हणजे कायद्यातील समेट नव्हे. शिवाय उचल फिटली नाही म्हणून एखाद्या कुटुंबाला सक्तीने कामावर अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाखाली गुन्हा आहे. ही गोष्टही तिच्या कानी घालावी, कारण तिच्या मौनामागे पुष्कळदा हीच भीती असते.

दुसरी भीती बदनामीची. तक्रारदार स्त्री, आरोप झालेली व्यक्ती व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील गुप्त राखणे बंधनकारक आहे. समितीच्या कामाशी संबंधित ज्या व्यक्तीने तो फोडला, तिला दंड होतो. तिसरी भीती म्हणजे, “सिद्ध झाले नाही तर माझ्यावरच उलटेल.” कायदा सांगतो की, जाणूनबुजून खोटी तक्रार केली असे स्वतंत्र चौकशीत ठरले, तरच तक्रारदारावर कारवाई होऊ शकते. पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून ती तक्रार खोटी ठरत नाही.

पोलिसांकडेही जाता येते

समितीकडे तक्रार केली म्हणून पोलिसांचा मार्ग बंद होत नाही. ते दोन स्वतंत्र मार्ग आहेत, आणि तीन महिन्यांचे बंधन पोलिसांकडील फिर्यादीला नाही. २०१३ साली भारतीय दंड संहितेत लैंगिक छळाचे स्वतंत्र कलम ३५४-अ घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिच्या कलम ७५ मध्ये ही तरतूद आहे. नकोसा स्पर्श व लगट, शरीरसुखाची मागणी आणि इच्छेविरुद्ध अश्लील चित्रे दाखविणे यांस तीन वर्षांपर्यंत, तर लैंगिक शेरेबाजीस एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पाठलाग करणे, चोरून पाहणे वा चित्रण करणे यांसाठी वेगळी कलमे आहेत.

स्थलांतरित भगिनींसाठी आणखी एक तरतूद मोलाची आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता येते. तिला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. कोल्हापूरकडे घडलेल्या घटनेची फिर्याद पाथर्डीच्या ठाण्यातही नोंदविता येते; “आमची हद्द नाही” हे उत्तर चालत नाही. अशा गुन्ह्यांत स्त्रीचा जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावयाचा आहे. ठाण्यात दाद मिळाली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. पीडित मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो, आणि तेथे माहिती असूनही पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा ठरतो. टोळीबरोबर गेलेल्या किशोरवयीन मुलींच्या बाबतीत हे ध्यानी ठेवावे.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यान्वये प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जावे, अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

आपल्या संस्थांनीही आरशात पाहावे

दुसऱ्यांना कायदा सांगताना आपले अंगण विसरून चालणार नाही. आपल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने, सामाजिक केंद्रे व कार्यालये ही सारी कायद्याच्या दृष्टीने कामाची ठिकाणे आहेत. तेथील शिक्षिका, परिचारिका, स्वयंपाकीण, सफाई कामगार आणि स्वेच्छेने सेवा करणाऱ्या भगिनी यांना हेच संरक्षण आहे. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेनेही २०१७ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. संस्था सेवाभावी आहे, म्हणून तेथे समितीची गरज नाही, असे समजणे ही कायद्याची आणि त्याहून अधिक त्या भगिनींची अवहेलना आहे.

अंतर्गत समिती न नेमणाऱ्या मालकास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसेच आढळल्यास दंड दुप्पट होतो आणि परवानाही रद्द होऊ शकतो. समितीच्या सदस्यांची नावे व छळाचे कायदेशीर परिणाम दर्शनी भागी लावणे, कर्मचाऱ्यांसाठी वेळोवेळी प्रबोधन घेणे आणि स्त्रीची इच्छा असल्यास फौजदारी तक्रारीस साहाय्य करणे, ही मालकाची कर्तव्ये आहेत.

समिती नेमणे जसे आवश्यक, तसेच तिला काम नीट शिकविणेही आवश्यक आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात चौकशी घाईने झाली, आरोप झालेल्या व्यक्तीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठविले. अर्धवट चौकशीने कोणाचेच भले होत नाही. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या तक्रारदार स्त्रियांचे तर नाहीच. याच प्रकरणात, कायदा होऊन इतकी वर्षे लोटली तरी अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत, अशी खंत न्यायालयाने व्यक्त केली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी व स्थानिक समिती आणि तालुका पातळीवर समन्वय अधिकारी नेमण्यासाठी न्यायालयाने राज्यांना ठरावीक तारखा घालून दिल्या.

आपण काय करू शकतो?

कायदा पुस्तकात आहे. त्याला फडापर्यंत नेणारी माणसे हवी आहेत. त्यासाठी आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो. टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गावोगावी महिला मंडळांनी व बचतगटांनी एक बैठक घ्यावी आणि तीन महिन्यांच्या मुदतीची गोष्ट भगिनींना समजावून सांगावी. ११२, १८१ आणि १५१०० हे तीन क्रमांक चिठ्ठीवर लिहून प्रत्येकीजवळ द्यावेत. आपल्या तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव तहसील कार्यालयातून मिळवून धर्मग्रामाच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. ऊसपट्ट्यातील धर्मग्रामांनी आपल्या परिसरातील कोप्यांवर हंगामात दोनदा तरी जाऊन यावे. औषध, कपडे व मुलांची विचारपूस यांच्या निमित्ताने गेलेल्या भगिनीजवळ एखादी स्त्री मनातले बोलेल. मुकादमादेखत ती बोलणार नाही.

आणि घरातील पुरुषांना एक विनंती. एका कोयत्यात दोन माणसे असतात. उचल एकाने घेतली, तरी घाम दोघांचा गळतो. पत्नीने, बहिणीने वा सुनेने असा प्रसंग सांगितला, तर प्रथम तिच्यावर विश्वास ठेवा. “तूच काही केले असशील” हे एक वाक्य तिचे तोंड कायमचे बंद करते, आणि त्या मौनात तीन महिने भराभर सरून जातात.

या हंगामातही अनेक भगिनी मोळ्या डोक्यावर घेऊन गाड्या भरतील. त्यांच्यापैकी एकीने जरी वेळेत “माझ्याशी हे घडले” असे लिहून दिले, आणि तिच्या पाठीशी एक शेजारीण, एक शिक्षिका किंवा एक धर्मभगिनी उभी राहिली, तरी भटेरीच्या त्या साथिनीने सोसलेले व्यर्थ गेले नाही असे म्हणता येईल.